हुकूम देणाऱ्याचे काय?

दिवाळीच्या अंकात कादंबरीवर, नाटकावर किंवा फार तर एखाद्या आत्मचरित्रावर लिहावे, असा समीक्षालेखांचा रिवाज आहे. दारात आकाशकंदील लागलेला असावा, फराळाचे ताट पुढ्यात असावे आणि अमक्या कादंबरीतली नायिका अखेर सासरी परतली हे बरे झाले की वाईट, यावर घरातल्या मंडळींनी वाद घालावा, यात मलाही आनंद आहे. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. तेव्हा असा वाद माझ्या पोटापाण्याच्याही सोयीचा आहे. पण यंदा मी तो रिवाज मोडणार आहे. ज्या पुस्तकावर लिहायचे आहे त्यात नायिका नाही, निसर्गवर्णन नाही, एकही संवाद नाही. त्यात १२८ कलमे आहेत. १७ जुलै १९९८ रोजी रोम शहरात १२० राष्ट्रांनी ते संमत केले आणि १ जुलै २००२ पासून ते अंमलात आले. त्याच्याच आधारे नेदरलँड्समधील हेग या गावी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभे आहे. आपल्या देशाने या पुस्तकावर अजून सही केलेली नाही. ती करावी, असे मला हे वाचून वाटू लागले. का वाटू लागले, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

मी कायद्याचा पदवीधर नाही. मॅट्रिकपुढे माझी मजल गेली नाही. हा करारनामा मी इंग्रजीत, शब्दकोश शेजारी ठेवून, रात्रीच्या वेळी वाचला. तो वाचायला कोणा विद्वानाने सांगितले नव्हते. माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला त्याकडे ढकलले.

सोलापुराहून पुण्याच्या रस्त्याने निघाले की मोहोळच्या अलीकडे चिंचोळीची एमआयडीसी लागते. रस्त्याच्या कडेने कारखाने, मालमोटारींच्या रांगा, चहाच्या टपऱ्या आणि त्यांच्यामागे कामगारांच्या खोल्या. त्या खोल्यांतून येणारी मुले मी शिकवतो. दरवर्षी १२ जानेवारीला मी त्यांना सोलापूरच्या चार हुतात्म्यांची गोष्ट सांगतो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे. मे १९३० मध्ये सोलापुरात गोळीबार झाला, मागाहून लष्करी कायदा पुकारला गेला, गांधीटोपी डोक्यावर ठेवणे हाही गुन्हा ठरला. या चौघांवर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले.

एका वर्षी गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "गुरुजी, फाशी गेलेल्यांची नावं तुम्ही सांगितली. गोळ्या घालायचा हुकूम ज्यानं दिला, त्याचं काय झालं?"

मी म्हणालो, "काही झालं नाही, बाळ."

तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी आपणहूनच म्हणाली, "आमच्या बाबांचं बोट मशीनमध्ये गेलं तेव्हाबी असंच झालं. ठेकेदार म्हणाला मुकादमाला विचारा, मुकादम म्हणाला सायबाला विचारा. सायब गावाला गेलेला."

वर्गात हशा पिकला. मुलगीही हसली. मला मात्र त्या दिवशी पुढचा धडा घेता आला नाही. इतिहासाचा एक मोठा प्रश्न या दोन लेकरांनी आपल्या परीने मांडला होता. ज्याच्या हातून काम घडते तो सापडतो. ज्याच्या तोंडून ते घडते तो गावाला गेलेला असतो.

आता पुस्तकाकडे वळतो. समीक्षकाने प्रथम विषय सांगावा. या करारनाम्याचा विषय चार गुन्ह्यांपुरता मर्यादित आहे: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण. चोरी, लाचखोरी, साधा खून यांच्याशी त्याला कर्तव्य नाही. प्रास्ताविकात साऱ्या मानवजातीच्या संस्कृती एकमेकींत कशा गुंतलेल्या आहेत आणि ती गुंफण किती सहज विसकटू शकते, याचा उल्लेख आहे. तो लिहिणाऱ्यांना रंगीत तुकड्यांच्या नक्षीची उपमा सुचली; आमच्या सोलापुरात लिहिले असते तर चादरीची सुचली असती. एक धागा ओढला की किती विणकाम उसवते, हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

कादंबरीकाराची नजर आधी खलनायकाकडे जाते. या पुस्तकातला खलनायक कसा रेखाटला आहे? सत्ताविसाव्या कलमात म्हटले आहे की आरोपी राष्ट्राध्यक्ष असो, पंतप्रधान असो, मंत्री असो, पदामुळे त्याला सुटका नाही आणि शिक्षेत सूटही नाही. अठ्ठाविसाव्या कलमात म्हटले आहे की हाताखालच्या माणसांनी केलेल्या अत्याचाराची वरिष्ठाला माहिती होती, तो थांबवणे त्याच्या हाती होते आणि तरी तो गप्प राहिला, तर तो जबाबदार आहे. सेनापतीच्या बाबतीत तर माहिती असायला हवी होती एवढेही पुरे होते. आणि तेहतिसाव्या कलमात हाताखालच्या माणसाचीही सहज सुटका नाही. वंशसंहाराचा हुकूम हा उघडच बेकायदा हुकूम आहे. तेव्हा "मला वरून सांगितले होते" एवढे म्हणून हात झटकता येत नाहीत. ठेकेदार, मुकादम आणि साहेब हे तिघेही एकाच पानावर सापडले आहेत. माझ्या वर्गातल्या दोन प्रश्नांची उत्तरे मला ही तीन कलमे वाचताना मिळाली. ललित वाङ्मयात इतक्या थोड्या शब्दांत इतका न्याय मी क्वचितच पाहिला आहे.

हे किती नवे आहे, ते आपल्या इतिहासाशी ताडून पाहावे. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत जनरल डायरने गोळीबार करविला. त्याच वर्षी, चौकशी पुरी होण्याच्या आत, सरकारने कायदा करून पंजाबातील आपल्या अधिकाऱ्यांना संरक्षण दिले. डायरला नोकरी सोडावी लागली. आरोपी म्हणून तो कोठल्याही न्यायालयात उभा राहिला नाही. ज्याचा हुकूम त्याचाच कायदा आणि त्याचेच न्यायासन, अशी ती व्यवस्था होती. तिच्याबाहेर एखादे न्यायासन असावे, ही तहान आपल्या देशाला परक्या कोणी लावलेली नाही.

सोलापूरकराला तर या पुस्तकाकडे नेणारी आणखी एक वाट आहे. डॉ. द्वारकानाथ कोटनीस हे आमच्या गावचे. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात ते होते. जपानने चीनवर आक्रमण केले होते आणि आदल्या वर्षीच्या डिसेंबरात नानकिंग शहरात भयंकर कत्तल झाली होती. जखमींची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी डॉक्टर तिथेच वारले. १९४६ साली शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला. त्याच वर्षी टोकियोत जपानी पुढाऱ्यांवर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे खटला उभा राहिला. अकरा न्यायाधीशांत एक भारतीय होते, बंगालचे राधाबिनोद पाल. १९४८ च्या नोव्हेंबरात निकाल लागला. पंचवीस आरोपी दोषी ठरले, सात जणांना फाशी झाली. पालबाबूंनी मात्र हजाराहून अधिक पानांचे वेगळे निकालपत्र लिहून सगळ्यांना निर्दोष ठरविले.

हे वाचून कोणा सोलापूरकराच्या मनाला चटका बसेल. ज्यांच्या आक्रमणाने घायाळ झालेल्यांवर मलमपट्टी करताना आपला डॉक्टर गेला, त्यांनाच आपला न्यायाधीश निर्दोष म्हणतो! पण पालबाबूंनी अत्याचार झालेच नाहीत, असे म्हटलेले नव्हते. नानकिंगचा पुरावा त्यांनी मान्य केला होता. त्यांचा आक्षेप निराळा होता. कृत्य आधी घडले आणि त्याला गुन्हा ठरवणारा कायदा मागाहून लिहिला, हा न्याय नव्हे. आणि जेत्यांनी फक्त पराभूतांना पिंजऱ्यात उभे करावे, आपला अणुबॉम्ब मात्र बाहेर ठेवावा, हाही न्याय नव्हे.

आता रोमचा करारनामा पाहा. न्यायालयाचा अधिकार तो अंमलात आल्यानंतरच्या गुन्ह्यांपुरताच आहे, मागे जात नाही. जे कृत्य घडले तेव्हा गुन्हा म्हणून लिहिलेले नव्हते, त्याबद्दल शिक्षा नाही. न्यायाधीश जेत्यांनी नेमायचे नाहीत. सभासद राष्ट्रांनी मते देऊन अठरा जण निवडायचे. फाशीची शिक्षा नाही. तीस वर्षांपर्यंत कारावास किंवा अगदीच भीषण गुन्ह्याला जन्मठेप. पालबाबूंचा पहिला आक्षेप इथे सरळ कलम होऊन बसला आहे. दुसऱ्याचेही अर्धे उत्तर दिलेले आहे. डॉक्टरांची करुणा आणि न्यायाधीशांचा संशय, दोन्ही या एका पुस्तकात नांदताना दिसतात. मग हे पुस्तक आपल्याला परके कसे?

शिवाय, ज्या पहिल्या गुन्ह्याचे नाव त्यात आहे त्याच्या नामकरणाला भारत हजर होता. १९४६ साली क्यूबा, पनामा आणि भारत या तीन देशांनी वंशसंहाराचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेपुढे आणला. पुढे १९४८ चा वंशसंहारविरोधी करार झाला आणि १९५९ साली भारताने त्याला मान्यता दिली. असे असता १९९८ साली रोममध्ये मत देण्याची वेळ आली तेव्हा आपला देश तटस्थ राहिला. सात देश विरुद्ध गेले, एकवीस तटस्थ राहिले. त्या एकविसांत आपण.

आपल्या प्रतिनिधींनी त्याची कारणे सांगितली होती आणि ती पोकळ नव्हती. समीक्षकाने प्रतिपक्षाची बाजू पुरी ऐकावी, म्हणून ती इथे मांडतो.

पहिले कारण सुरक्षा परिषदेचे. परिषद एखादे प्रकरण न्यायालयाकडे धाडू शकते आणि चालू प्रकरण बारा महिने, पुन्हा बारा महिने, असे रोखूनही धरू शकते. परिषदेतल्या ज्या पाच बड्या राष्ट्रांच्या हाती नकाराधिकार आहे, त्यांतली अमेरिका, रशिया आणि चीन ही तीन स्वतः सभासदच नाहीत. म्हणजे ज्यांनी नियम मानला नाही त्यांनी तो दुसऱ्याला लावायचा. हा दोष खरा आहे, मी तो पदराखाली झाकणार नाही. दुसरे कारण अण्वस्त्रांचे. त्यांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत घालावा, ही भारताची सूचना मान्य झाली नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपण पोखरणला चाचण्या केल्या होत्या, म्हणून कोणाला ही सूचना विसंगत वाटेल. मला ती धैर्याची वाटते. ज्याच्या हातात शस्त्र आहे त्यानेच त्याच्या वापराला गुन्हा म्हणण्यात अर्थ असतो. तिसरे कारण दहशतवादाचे. तोही यादीत आला नाही. ज्या देशाने १९९३ च्या मुंबईतले स्फोट पाहिले त्याला ही उणीव बोचणारच.

चौथे कारण सार्वभौमत्वाचे. न्यायालयाचा अभियोक्ता, म्हणजे फिर्यादीची बाजू चालवणारा वकील, आपणहून चौकशी सुरू करू शकतो आणि देशांतर्गत सशस्त्र संघर्षातही हात घालू शकतो, ही भीती. इथे मात्र पुस्तक नीट वाचले पाहिजे. अभियोक्त्याला आधी तीन न्यायाधीशांच्या पीठाची परवानगी काढावी लागते. आणि सतराव्या कलमात या पुस्तकाची किल्ली ठेवलेली आहे: ज्या देशाचे स्वतःचे न्यायालय गुन्ह्याची प्रामाणिक चौकशी करीत आहे, तिथे हेगला प्रवेश नाही. देश असमर्थ असेल किंवा चौकशीची इच्छाच नसेल, तरच दार उघडते. ज्याने स्वतःचे घर झाडून ठेवले त्याच्याकडे दुसऱ्याची केरसुणी येत नाही.

आता आपण आपले घर झाडले आहे काय, हे विचारावे लागते. १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगलीत सुमारे ९०० माणसे मेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या फेब्रुवारीत अहवाल दिला आणि ऑगस्टात तो विधिमंडळापुढे आला. रोमचा करारनामा नेमका त्या दोन महिन्यांच्या मधे, जुलैत संमत झाला. तो प्रसंग हेगला गेलाच असता, असे मी म्हणत नाही. तो त्या न्यायालयाच्या जन्माआधीचा आहे. मी एवढेच म्हणतो की आयोगाचा अहवाल हा सल्ला असतो, निकाल नव्हे, आणि त्या दंगलीबद्दल शिक्षा झालेले लोक फार थोडे आहेत. १९८४ च्या दिल्लीतील शीखविरोधी हत्याकांडाच्या एका खटल्यात तर, चौतीस वर्षांनी, १७ डिसेंबर २०१८ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाला निकालपत्रात लिहावे लागले की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार हे आपल्या देशाच्या फौजदारी कायद्यात गुन्हे म्हणून नाहीतच आणि ही उणीव दूर झाली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यातही या दोन गुन्ह्यांना जागा मिळाली नाही. १९४६ साली ज्या शब्दासाठी आपण जगापुढे उभे राहिलो, तो शब्द आपल्याच दंडसंहितेत नाही.

आता या पुस्तकाचे गुणदोष एकत्र तोलतो. दोष पुष्कळ आहेत. न्यायालयाला स्वतःचा एक शिपाईसुद्धा नाही. अटक सभासद देशांनी करायची. २०२३ साली रशियाच्या अध्यक्षांवर वॉरंट निघाले. पुढच्या वर्षी ते मंगोलिया या सभासद देशात जाऊन पाहुणचार घेऊन परतले. पुष्कळ वर्षे पिंजऱ्यात केवळ आफ्रिकेचे लोक दिसत होते. दोन तपे होत आली, तरी शिक्षा झालेले लोक बोटांवर मोजावेत इतके आहेत. बुरुंडी २०१७ साली आणि फिलिपाईन्स २०१९ साली करारातून बाहेर पडले.

पण गुणही पाहा. या न्यायालयाने सर्वप्रथम दोषी ठरविलेला माणूस कांगोचा थॉमस लुबांगा. त्याचा गुन्हा कोणता, तर पंधरा वर्षांखालील मुलांना फौजेत भरून लढाईत वापरले. २०१२ साली त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. मी रोज ज्या वयाची मुले शिकवतो त्याच वयाच्या मुलांच्या हातात त्याने बंदुका दिल्या होत्या. वाचताना माझ्या हजेरीपटावरची नावे डोळ्यांपुढून गेली. २०१६ साली टिंबक्टू येथील जुन्या दर्ग्यांची नासधूस केल्याबद्दल एकाला नऊ वर्षे झाली. आणि फिलिपाईन्स करार सोडून गेला होता, तरी त्याच्या माजी अध्यक्षांना मार्च २०२५ मध्ये मनिलात अटक होऊन हेगला जावे लागले, कारण त्यांच्यावरचे आरोप देश सभासद होता त्या काळातले आहेत. आरोप सिद्ध होतील की नाही ते न्यायालय ठरवील. पण साहेब गावाला गेले तरी न्यायालय त्यांच्यापर्यंत पोचते, एवढे दिसले.

आणखी एका गुणाचा उल्लेख कादंबरीकार म्हणून केलाच पाहिजे. आपल्या नेहमीच्या फौजदारी खटल्यात ज्याचे घर जळले तो बहुधा साक्षीदार म्हणून येतो आणि जातो. या पुस्तकात त्याला आपले म्हणणे न्यायाधीशांपुढे मांडण्याची आणि भरपाई मागण्याची सोय आहे. ज्याच्यावर गोष्ट बेतलेली आहे त्याला गोष्टीत बोलू दिले आहे. पुष्कळ कादंबऱ्यांना हे साधत नाही, माझ्याही नाही.

पुस्तक अपुरे आहे, म्हणून ते मिटून ठेवावे काय? माझे उत्तर नाही असे आहे. कारण हे पुस्तक अजून लिहिले जात आहे. २०१० साली कंपाला येथे सभासदांनी आक्रमणाची व्याख्या त्यात घातली; २०१९ साली देशांतर्गत युद्धात लोकांना मुद्दाम उपाशी मारण्याचा गुन्हा घातला. दुरुस्ती सुचवण्याचा आणि तिच्यावर मत देण्याचा हक्क मात्र सभासदांचाच. तिथे प्रत्येक राष्ट्राला एकच मत आहे, कोणालाही नकाराधिकार नाही. नकाराधिकाराविरुद्ध आपण सुरक्षा परिषदेच्या दारात इतकी वर्षे तक्रार करीत आहोत, आणि जिथे तो नाही त्या घरात मात्र पाऊल टाकत नाही! अण्वस्त्रे यादीत हवीत, दहशतवाद हवा, परिषदेचा हात आखडायला हवा, या तिन्ही मागण्या मला पटतात. पण उंबऱ्याबाहेर उभे राहून स्वयंपाकातले मीठ चाखता येत नाही.

न्यायाधीशही सभासद राष्ट्रांचेच नागरिक असावे लागतात. त्यामुळे पालबाबूंच्या देशाचा एकही न्यायाधीश हेगच्या त्या पीठावर बसू शकत नाही. आणि ज्या जपानच्या पुढाऱ्यांचा न्याय करायला पालबाबू टोकियोला गेले होते, तो जपान २००७ साली सभासद झाला. २०२४ साली तोमोको अकाने या जपानी विदुषी न्यायालयाच्या अध्यक्षपदी निवडून आल्या. जपानने आपल्या दुःखाचा आणि अपराधाचा काही उपयोग करून घेतला. आपल्या शेजारी बांगलादेश, मालदीव आणि अफगाणिस्तान यांनीही सही केली. आपण मात्र तटस्थतेची खुर्ची अजून सोडलेली नाही.

एकाएकी सही करावी, असेही मी म्हणत नाही. आधी दिल्ली उच्च न्यायालयाने दाखवलेली उणीव भरून काढावी, ते दोन गुन्हे आपल्या संहितेत लिहावेत, मग मानाने हेगला जावे आणि आपल्या तिन्ही मागण्या तिथल्या मेजावर ठेवाव्यात. जो देश घरी न्याय करतो त्याला त्या न्यायालयाचे भय नाही. आणि जो करीत नाही, त्याच्या प्रजेला त्या न्यायालयाची गरज आहे. दोन्ही बाजूंनी हिशेब सहीकडेच येतो.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आता दहावी होऊन एमआयडीसीतच एका कारखान्यात पाळी करतो. परवा चहाच्या टपरीवर भेटला. मी त्याला म्हटले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका पुस्तकात सापडलं रे." त्याने विचारले, "आपल्याकडं लागू हाय का गुरुजी ते?" मी म्हणालो, "अजून नाही." तो काही बोलला नाही. भोंगा झाला आणि तो चहा अर्धा टाकून कामावर गेला.

त्याला पुढच्या खेपेला निराळे उत्तर देता यावे, एवढीच या दिवाळीला माझी मागणी आहे.